दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, फ्रेमसह: पणत्या आल्या, सही राहिली

धनत्रयोदशीला दुपारी कुरिअरवाला आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून कंदिलाची वायर जोडत होतो. तो दारातूनच ओटीपी मागू लागला. ही म्हणाली, "आधी खाली उतरा, मग काय तो नंबर सांगा." खोकं मुलीने पुण्याहून पाठवलेलं. आत एक फ्रेम. बिलावर लिहिलं होतं: 'जुन्या मराठी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, चित्र १२ बाय १८ इंच, फ्रेमसह, २,४९९ रुपये.' किंमत मुलीने मुद्दाम सांगितली नव्हती, पण बिल काढायला विसरली.

हा अभिप्रायही तिच्याच सांगण्यावरून लिहितोय. तीन दिवस माझी बडबड फोनवर ऐकून ती म्हणाली, "बाबा, हे सगळं मला सांगण्यापेक्षा तिथे लिहा ना, घेणाऱ्यांना उपयोग होईल." विक्रेत्याचं नाव घालत नाही. भेटीच्या वस्तूवरून कुणाला चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही.

मी एवढ्या बारकाव्यात का शिरतो ते आधी सांगतो. १९६६ साली मी गिरगावात एका ब्लॉकमेकरकडे लागलो. ब्लॉक म्हणजे चित्र छापायचा धातूचा ठसा. माझं काम प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे ठशासाठी चित्राचा फोटो घ्यायचा. पुढे ऑफसेट आलं, ब्लॉक गेले, आम्ही फिल्मवर आणि मग स्कॅनरवर गेलो. पण पहिली कित्येक वर्षं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे दिवाळी असायची. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पावसाळ्यातच ब्लॉकला येत. बाहेर धो धो पाऊस, गिरगावात गुडघाभर पाणी, आणि आत काचेखाली लावलेल्या चित्रात कुणीतरी बाई पणत्या लावतेय.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, वर फुगेवाला प्लास्टिक, त्यावर परत खोकं. ऑर्डर दिल्यापासून अकराव्या दिवशी आलं, ओरखडा नाही. फ्रेमची पट्टी काळी, साधी, बरी आहे. समोर काच नाही, अ‍ॅक्रिलिक आहे. कुरिअरने काच पाठवणं म्हणजे तुकडे मागवणंच, त्यामुळे ते समजू शकतो. पण अ‍ॅक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसू नका, धूळ आणखी ओढून घेतं आणि रेघा पडतात. ओलसर मऊ कापड घ्या. मागे टांगायला एकच हूक दिलाय, तोही मधोमध नाही. फ्रेम डावीकडे कलते. आमच्या डोंबिवलीच्या फ्रेमवाल्याने साठ रुपयांत दोन कड्या आणि तार लावून दिली. "काका, पावणेतीन हजाराला दिली असती मी हीच फ्रेम, वर चहा पाजला असता," म्हणाला. पावणेतीन म्हणजे महागच पडली असती हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आता चित्र.

चाळीची गॅलरी. लाकडी कठडा, त्यावर ओळीने पणत्या. हिरवी नऊवारी नेसलेली बाई वाकून शेवटची पणती लावतेय, दुसऱ्या हाताने वाऱ्याचा आडोसा धरलेला. उजेड खालून येतोय, त्यामुळे हनुवटी आणि नथ उजळलेली, कपाळ अंधारात. वर आकाशकंदील, पांढऱ्या शेपट्यांचा. डावीकडे परकर-पोलकं घातलेली मुलगी. मागे निळी रात्र. चित्र खरोखर सुंदर आहे. काढणाऱ्याला चाळीतली दिवाळी तोंडपाठ असणार, कारण कठड्याच्या एका खुंटावर वाळत घातलेला पंचा तसाच राहिलाय. सणाच्या चित्रात असला पंचा उगीच कोणी काढत नाही.

माझ्या अंदाजाने हे १९५५ ते ६५ मधलं काम. त्या काळात या वळणाची मुखपृष्ठं काढणारे बरेच होते, आणि सगळ्यांवर दोन गोवेकरांची छाया होती. एक मडगावचे दीनानाथ दलाल, ज्यांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' हा अंक काढला. दुसरे अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर. दलालांचा हात जलरंगाचा आणि रेषेचा, मुळगावकरांचं काम स्प्रेचं, लोण्यासारखं. आमच्या धंद्यात स्प्रेचं काम आलं की कॅमेरामन कपाळाला हात लावायचा. फिकट होत होत नाहीशी होणारी छटा कागदावर सुंदर दिसते, पण छपाईच्या ठिपक्यांत बसवायला घेतली की एका जागी पायरी पडते आणि तेवढी पायरी संपादकाला पहिल्यांदा दिसते.

हे चित्र या दोघांपैकी कुणाचं आहे असं मी म्हणत नाही. म्हणता येणारच नाही, कारण सही कापली गेलीय.

कशी कापली गेली, तेही सांगतो. हा हिशेब कोणालाही घरी करता येईल. त्या काळचा दिवाळी अंक साधारण साडेसात बाय दहा इंचांचा, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण तीनास चार. फ्रेम आहे १२ बाय १८, म्हणजे दोनास तीन. उंची १८ इंचांपर्यंत वाढवली की रुंदी साडेतेरा होते. फ्रेमला हवी बारा. दीड इंच जास्त झालं, ते यांनी दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण छाटून टाकलं. डावीकडे त्या मुलीच्या हातातली फुलबाजी गेली. ठिणग्या तेवढ्या हवेत उडताना दिसतात, हात नाही. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात शिरोरेषेचा जेमतेम बोटभर तुकडा राहिलाय. म्हणजे सही होती, मराठीत होती, आणि एका मापासाठी गेली. १२ बाय १६ ची फ्रेम घेतली असती तर सगळं चित्र आत बसलं असतं. ते माप बाजारात सहज मिळतं.

वरच्या बाजूला तर आणखी गंमत. तिथे अंकाचं नाव असणार, मोठ्या हाताने काढलेल्या अक्षरांत. शेजारी वर्ष आणि किंमत. चित्र 'स्वच्छ' दिसावं म्हणून हे सगळं कॉम्प्युटरवर पुसलंय आणि त्या जागी रात्रीचं आकाश भरलंय. पण कंदिलाची दोरी त्या अक्षरांच्या मागून येत असणार. अक्षरं गेली, त्यांच्याबरोबर वरचा वासाही गेला. आता कंदील थेट आकाशातून लोंबतोय. ही म्हणते, "आकाशकंदीलच तो, आकाशातून लोंबणारच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाच्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी पाडली. तेव्हापासून मुखपृष्ठ स्टॉलवर दोरीला टांगून वीस हात लांबून ओळखू यावं म्हणूनच काढलं जायचं. चित्रकार नावासाठी वर जागा सोडूनच चित्राची मांडणी करायचा. ते नाव पुसल्यावर या चित्राला वर एक रिकामा निळा पट्टा उरलाय आणि बाई फ्रेमच्या तळाशी बसल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला वाटेल, चित्रकाराचीच मांडणी चुकली.

आता छपाई. इथे मी भिंग काढलं. कपाटात अजून आहे, घडीचं, पितळी.

जुन्या मुखपृष्ठावर भिंग धरलं की चित्र नाहीसं होतं आणि ठिपके दिसतात. पिवळे, लाल, निळे, काळे. आम्ही चित्रापुढे लेन्स लावायचो, लेन्स आणि प्लेटच्या मध्ये आडव्या-उभ्या रेघांची काचेची जाळी. आर्ट पेपरवर छापायचं असेल तर इंचाला १३३ रेघा, वर्तमानपत्राला ६५ चालायच्या. प्रत्येक रंगासाठी वेगळा फिल्टर आणि जाळीचा वेगळा कोन: काळ्याला ४५ अंश, लाल ७५, निळा १५, पिवळा ९०. कोन चुकला की चित्रावर चौकडा उमटतो आणि बाईची साडी इरकली असली तरी पटकुराची दिसते. मग तांब्याच्या पत्र्यावर उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये कोरायचं, आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकून प्रेसला पाठवायचा.

छापलेलं चित्र पुन्हा स्कॅन करताना हीच अडचण येते. स्कॅनरची जाळी आणि मूळ ठिपक्यांची जाळी एकमेकींवर आल्या की चौकडा पडतो. तो घालवायला सॉफ्टवेअर ठिपके फासून एकजीव करतं. थोडं फासलं तर ठीक. यांनी इतकं फासलंय की गालाचं मेण झालंय, आणि मग ते पुसट वाटलं म्हणून कडा धारदार केल्यात. नथीचे मोती सुईने टोचल्यासारखे दिसतात आणि गाल बाहुलीचा. कठड्यावरचा पंचा मात्र छान उतरलाय, तिथे फासायला फार काही नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. साठ वर्षांत कागद पिवळा पडतोच. यांनी तो पांढरा करायला सगळ्या चित्रातला पिवळा खाली ओढला. त्याबरोबर बाईच्या चेहऱ्यावरचे पिवळ्या ब्लॉकचे बारीक ठिपकेही गेले. राहिला लाल. त्यामुळे बाईचा चेहरा गुलाबी-गोरा झालाय, सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीतल्यासारखा. मूळचा तसा नव्हता, कशावरून? तिचे हात बघा. आडोसा धरलेला हात अंधारात आहे, तिथे रंग दाट होता म्हणून तो टिकला. हात गव्हाळ आहेत. एकाच बाईचा चेहरा एका घराण्यातला, हात दुसऱ्या.

ज्योतींचंही तेच. चांगल्या ब्लॉकमध्ये ज्योतीच्या पोटात कागद कोरा सोडलेला असायचा. आमच्याकडे एक फाईन एचर होते, बारीक ब्रशने अ‍ॅसिड लावून तेवढ्याच जागेतले ठिपके खाऊन टाकायचे. ब्रश लावायचा, धुवायचं, भिंगातून बघायचं, परत ब्रश. एका ओळीतल्या पणत्यांना पूर्ण दुपार जायची. कोऱ्या कागदाचा पांढरा आणि त्याभोवती पिवळ्याची कड, एवढ्यावर ज्योत पेटलेली वाटायची. इथे कागद आणि ज्योत दोन्ही एकसारखे पांढरे केल्याने पणत्या विझलेल्या नाहीत, पण ट्यूबलाइटच्या आहेत.

हे सगळं मी आठवणीवर बोलतोय असं वाटू नये म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. हिने कपाळाला हात लावला, कारण नुकतीच साफसफाई झाली होती. ट्रंकेत माझ्याकडे एका जुन्या मुखपृष्ठाचे प्रोग्रेसिव्ह आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्लॉकबरोबर प्रेसला पाठवायचे नमुने. एक ताव नुसता पिवळा, एक नुसता लाल, एक पिवळ्यावर लाल चढवलेला, मग निळा, मग तिन्ही मिळून, शेवटी काळा. मशीनमनने त्याबरहुकूम रंग चढवायचा. नुसत्या पिवळ्या तावावर त्या चित्रातल्या बाईचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, पण तो ताव काढून घेतला तर काय होतं ते या फ्रेमकडे बघून कळेल. मी तो ताव आणि फ्रेम शेजारी ठेवून फोटो काढून मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला. मग दहा मिनिटांनी फोन आला, "बाबा, खरंच की."

त्याच ट्रंकेतल्या छापील प्रतीवर बाईच्या हिरव्या बांगड्यांना एका बाजूने केसभर लाल कड आहे. रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवण्याची जुळणी, हललेलं. सप्टेंबरातल्या दमट हवेत आर्ट पेपर ओल धरतो. पिवळा छापून, वाळवून, दोन दिवसांनी लाल चढवायला घ्यावा तर ताव वाढलेला असायचा. मशीनमन शिव्या घालायचा, कुणाला ते माहीत नाही, बहुतेक पावसाला. या फ्रेममध्ये बांगड्या अगदी चोख आहेत, कड कुठेच नाही. ती मूळ प्रतीत होती की नव्हती ते मी सांगू शकत नाही. मला आपली ती असती तर बरं वाटलं असतं, एवढंच.

कागदाबद्दल तक्रार नाही. ३०० ग्रॅमचा, सुती, खरखरीत. शाईही रंगद्रव्याची आहे म्हणतात, म्हणजे उन्हात लवकर उडू नये. मात्र माउंट नाही, चित्र थेट अ‍ॅक्रिलिकला टेकलंय. मुंबईच्या पावसात कागद चिकटणार. फ्रेमवाल्याकडून आत पांढऱ्या माउंटची चौकट घालून घ्या, दोन-तीनशे रुपये जातील. आणि ज्यांच्याकडे खरे जुने अंक आहेत त्यांनी मुखपृष्ठ फाटलं तर कृपा करून सेलोटेप लावू नका. दहा वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग कागदात राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ, मागच्या बाजूने. हे काम घरी होतं.

मग मी विक्रेत्याला फोन केला. मुलगा नम्र होता, वीस-बावीसचा असेल. विचारलं, "चित्रकार कोण?" म्हणाला, "सर, आर्टिस्ट अननोन आहे." मी म्हटलं, "अननोन कसा, तुम्ही त्याची सही कापलीत." तो जरा थांबला. मग म्हणाला, "सर, जुनं आहे ना, कॉपीराइट फ्री असतं."

तसं नसतं. आपल्याकडे चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ही वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. दलाल जानेवारी १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ मध्ये गेले, तिथे २०३६ अखेर. नाव न देता छापलेल्या चित्राची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजली जातात. आता बघा, सही कापली की चित्र आपोआप निनावी दिसतं, आणि १९६० च्या आसपासचं निनावी चित्र आज मोकळं. मुलाने हे ठरवून केलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. मापामुळे झालं. पण झालं ते असं सोयीचं झालं.

हे मी त्याला फोनवर समजावलं. त्याने ऐकून घेतलं, हे त्याच्या पदरात घालतो. आमच्या काळी ब्लॉकमेकरचं नावही अंकात आत बारीक टायपात छापलं जायचं, हेही सांगितलं. "सर, तुमचं नाव छापायचे?" म्हणाला. माझं नाही रे बाबा, मालकाचं.

त्याच्याकडे मूळ स्कॅन आहे, पूर्ण रुंदीचा, नाव-वर्ष-किंमत सगळं असलेला. अंक कुणीतरी रद्दीतून आणून दिला होता, स्कॅन करून परत नेला. मी म्हटलं, तोच स्कॅन १२ बाय १६ मध्ये, काही न पुसता, पिवळेपणासकट छापून द्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला: खास ऑर्डर म्हणून ४५० रुपये जास्त, पंधरा दिवस लागतील. ठीक आहे. उत्तरात मी लिहिलं की छापायच्या आधी उजव्या खालच्या कोपऱ्याचा नुसता फोटो पाठवा, सही मी वाचतो, म्हणजे बिलावर तरी नाव घालता येईल.

घ्यावं का? भिंतीवर सणाचं काहीतरी हवंय आणि पाच फुटांवरून बघणार असाल तर घ्या, घर प्रसन्न दिसतं. घरी कुणी प्रेसवाला असेल तर घेऊ नका, त्याचे तीन दिवस जातात. फ्रेम सध्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे. हिने परस्पर टांगून घेतली, तार लावल्यावर सरळ राहते. हिचं लग्नाआधीचं घर ठाकुरद्वारच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या मते कठड्यावर वाळत घातलेला तो पंचा तिच्या अण्णांचाच आहे, आणि चित्रकार कोण हे शोधण्याआधी मी बाकीची वायर जोडावी.

पॅकिंगला पाच, चित्राला पाच, छपाईला दोन, कापाकापीला शून्य. एकूण तीन तारे देतोय. कोपऱ्याचा फोटो अजून आलेला नाही. आला की नाव इथेच खाली लिहीन.